जुना डेस्कटॉप सुधारायचा की बदलायचा: खर्चाआधीची तयारी

'कॉम्प्युटर स्लो झालाय' ही तक्रार खरी असते, पण काय विकत घ्यायचे ते तिच्यावरून ठरत नाही. म्हणून पहिले काम मोजण्याचे. रोजची कामे रोजच्यासारखीच सुरू करा: ब्राउझरचे तेवढेच टॅब, तीच मोठी स्प्रेडशीट, तोच व्हिडिओ कॉल. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि त्यातले परफॉर्मन्सचे पान समोर ठेवा. काम जिथे अडते त्या क्षणी प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक्स यांपैकी कोणाचा आलेख वर टेकला आहे, ते कागदावर लिहा. एका दिवसाच्या नोंदीवर भागवू नका, तीन-चार दिवस लिहीत राहा.

डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर १५ टक्के असेल, तर नव्या प्रोसेसरने काहीही फरक पडणार नाही. मेमरी ९० टक्क्यांच्या आसपास भरलेली असताना डिस्कही धावत असेल, तर बहुधा रॅम (म्हणजेच ही मेमरी) कमी पडते आहे; रॅममध्ये न मावणारा मजकूर विंडोज डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ढकलत असते. इथे फसवणारा आकडा एकच: एकूण प्रोसेसर २५ टक्के. चार कोअरच्या, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे चार भाग असलेल्या, प्रोसेसरवर याचा अर्थ एक कोअर पूर्ण अडकला आहे असाही होऊ शकतो, म्हणून आलेखावर उजवे बटण दाबून प्रत्येक कोअरचा वेगळा आलेख पाहा. आणि भरपूर काम चालू असताना वेगाचा आकडा बेस स्पीडच्या खाली घसरत असेल, तर बहुधा प्रोसेसर तापून स्वतःचा वेग आवरतो आहे. त्यावर इलाज म्हणजे हीटसिंकमधली (प्रोसेसरवरच्या, उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या भागातली) धूळ काढणे आणि दोघांमधली वाळलेली थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावणे. हे आधी करा, मग पुन्हा मोजा.

दुसरी तयारी यंत्राच्या ओळखीची. सर्चमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडून मदरबोर्डचे (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाचे) मॉडेल, प्रोसेसरचे पूर्ण नाव, बायोसची (यंत्र सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रणालीची) आवृत्ती व तारीख, आणि बायोस मोड यूईएफआय (नवी पद्धत) आहे की लेगसी (जुनी), हे चारही उतरवून घ्या. रॅमचे किती स्लॉट भरलेत ते टास्क मॅनेजरमध्येच दिसते. आता मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचे मॅन्युअल आणि चालणाऱ्या प्रोसेसरची यादी शोधा. पुढचा सगळा निर्णय या दोन कागदांवर आहे, कारण खरी सीमारेषा मदरबोर्डची आहे. तो न बदलता जे करता येते ती सुधारणा. तो बदलावा लागला, की सहसा प्रोसेसर आणि रॅमही बदलतात. मग जुने काय उरते, तर मुख्यतः डबा आणि पॉवर सप्लाय. याला सुधारणा म्हणत पैसे हप्त्याहप्त्याने घालण्यापेक्षा नवे यंत्र घेत आहोत हे मान्य करून सगळे भाग एकत्र निवडलेले बरे.

भाग निरोगी आहेत का, हे खर्चाआधी तपासायलाच हवे. मरायला टेकलेल्या बोर्डावर नवी रॅम बसवणे म्हणजे पैसे वाया. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनात डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, पाहा. रिअलोकेटेड किंवा पेंडिंग (खराब झालेल्या किंवा खराब वाटणाऱ्या) सेक्टरचा आकडा शून्याहून जास्त असून वाढत असेल, तर बाकी सगळे थांबवून बॅकअप घ्या. सीआरसी एरर (माहिती वाहून नेतानाच्या चुका) वाढत असतील, तर बहुतेक वेळा डिस्क ठीक असते आणि डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल बदलून भागते. रॅमसाठी मेमटेस्ट हे तपासणीचे साधन रात्रभर चालवा; त्यात एकही चूक मान्य नाही. यंत्र पूर्ण बंद करून वायर काढा, कॅबिनेट उघडा आणि प्रोसेसरभोवतीचे कॅपॅसिटर (लहान डब्यांसारखे उभे भाग) पाहा. माथा फुगलेला किंवा तळाशी तपकिरी ओघळ दिसला, तर त्या बोर्डावर एकही रुपया घालू नका. दर वेळी तारीख-वेळ मागे जात असेल, तर मात्र घाबरू नका. ती बहुधा बोर्डावरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बटणासारखी बॅटरी संपल्याची खूण असते.

विंडोज वापरणाऱ्यांना आता एक प्रश्न टाळता येत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार (मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा-सोय), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीची प्रणाली चालू देणारी सोय) आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. ढोबळमानाने इंटेलची ८ वी पिढी किंवा रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे. अनेक यंत्रांत टीपीएम असते, पण बायोसमध्ये बंद असते. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाखाली सापडते. बायोस मोड लेगसी असेल, तर आधी विंडोजसोबतच येणाऱ्या एमबीआर२जीपीटी या साधनाने डिस्कची मांडणी बदला आणि त्यानंतरच बायोसमध्ये यूईएफआय निवडा. क्रम उलटा झाला तर विंडोज सुरूच होत नाही. प्रोसेसर यादीत नसेल तर अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचे व्यवहार होणाऱ्या यंत्रावर त्या वापरू नयेत. काम ब्राउझर, पत्रे आणि व्हिडिओपुरतेच असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंटसारखी प्रणाली पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता, चालवून पाहता येते. प्रिंटर, स्कॅनर आणि वाय-फाय चालतात का ते त्याच वेळी तपासा.

सुधारणा करण्यासारखी आहे असे ठरले आणि यंत्र अजून हार्ड डिस्कवरून सुरू होत असेल, तर पहिला खर्च एसएसडीचा, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिपवरच्या डिस्कचा. हार्ड डिस्क फिरत्या तबकडीवर हेड हलवत माहिती शोधते, त्यामुळे विखुरलेल्या लहान फाइली वाचताना ती सेकंदाला शंभरेक मागण्यांवर दमते. एसएसडी तिथे हजारोंनी पुऱ्या करते. साटा केबलने जोडायची एसएसडी सलग वाचनात सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटपर्यंत जाते. २०११-१२ च्या बऱ्याच इंटेल बोर्डांवर सेकंदाला ६ गिगाबिट वेगाचे दोनच साटा पोर्ट होते आणि काही स्वस्त बोर्डांवर एकही नव्हता. तरी ३ गिगाबिटच्या पोर्टवरही फरक ठसठशीत जाणवतो, कारण सुधारतो तो शोधण्याचा वेळ. बोर्डावर एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी थेट बसवायची जागा) असेल, तर तो साटा घेतो की एनव्हीएमई (त्याहून वेगवान प्रकार) हे मॅन्युअलमध्ये वाचा, दिसण्यावरून ठरवू नका. काही बोर्डांवर एम.२ भरला की साटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात. 'नवी एसएसडी लावली आणि जुनी डिस्क गायब झाली' यामागे पुष्कळदा हेच असते. जुन्या डिस्कची नक्कल एसएसडीवर करून घेतलीत, तर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोन्हींची ओळखखूण एकच असल्याने विंडोज गोंधळते.

रॅम घेताना पिढी आधी पाहा. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या पट्ट्यांवरची खाच वेगवेगळ्या जागी असते आणि एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. जोर लावाल तर स्लॉट मोडेल. साध्या कामाला ८ जीबी जेमतेम, १६ जीबी पुरेशी. दोन सारख्या पट्ट्या घ्या आणि चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवा, म्हणजे ड्युअल चॅनल मिळते, दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरल्या जातात. विंडोज ३२ बिटचे असेल तर ४ जीबीपलीकडची रॅम तिला वापरताच येत नाही.

त्याच सॉकेटमध्ये (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खोबणीत) वरचा प्रोसेसर बसवणे कधी फार फायद्याचे ठरते, कधी सापळा. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे बोर्ड या बाबतीत उदार: जुन्या बोर्डांपैकी अनेकांवर नवे बायोस टाकून रायझन ५००० मालिका चालते. पण बायोस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करा, नंतर पडदा काळाच राहील. इंटेलच्या एलजीए११५१ मध्ये सॉकेट तेच दिसते, तरी ८ व्या-९ व्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डाचा कारभार पाहणारी चिप) लागतो. १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांवर ते अधिकृतपणे चालत नाहीत.

ग्राफिक्स कार्डाआधी पॉवर सप्लायचा शिक्का वाचा. एकूण वॉटपेक्षा १२ व्होल्टच्या ओळीवर किती मिळते ते महत्त्वाचे. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, ६ पिनच्या जोडणीतून आणखी ७५ आणि ८ पिनच्या जोडणीतून १५०. कंपनीने जुळवून विकलेल्या यंत्रांत पॉवर सप्लायचा आकार आणि बोर्डावरची जोडणी पुष्कळदा वेगळीच असते, म्हणून पिना मोजा आणि कॅबिनेटमधली जागा मिलिमीटरमध्ये मापा. मोड्युलर (केबली सुट्या होणारा) पॉवर सप्लाय बदलताना जुन्याच्या केबली नव्याला कधीही लावू नका. टोक सारखे दिसले तरी पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते आणि डिस्क जागच्या जागी जळतात.

हिशेब मांडताना दोन रकाने करा. एकात पुढच्या यंत्रातही चालतील असे भाग: एसएसडी, चांगला पॉवर सप्लाय, मॉनिटर, ग्राफिक्स कार्ड. दुसऱ्यात याच बोर्डासोबत संपणारे: डीडीआर३ रॅम, जुन्या सॉकेटचा प्रोसेसर. दुसऱ्या रकान्याची बेरीज नव्या यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याला पोहोचली, की आमचा कौल नव्या यंत्राला.

कोणताही रस्ता घ्या, स्क्रू सैल करण्याआधी बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या चार फाइली दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहा. बायोसमधला बदलही ती मागू शकतो. यंत्रासोबत आलेला विंडोजचा परवाना त्या मदरबोर्डाला बांधलेला असतो, तर स्वतंत्र विकत घेतलेला नव्या यंत्रावर नेता येतो. नवे यंत्र आल्यावर जुनी डिस्क महिनाभर तशीच कपाटात ठेवा. राहून गेलेली फाइल, ब्राउझरमधले पासवर्ड, एखाद्या सॉफ्टवेअरची की, हे सगळे त्याच महिन्यात आठवते. ती पुसण्याची वेळ त्यानंतरची.