बंद झालेले डब्यांचे किट शोधताना

ब्रिटिश मॉडेल रेल्वेच्या डब्यांचे जुने किट दुकानात मिळत नाही आणि 'न उघडलेले' म्हटले की भाव दुप्पट.

१. आधी साचे कुणाकडे गेले ते बघा. कंपनी बंद पडली तरी साचे विकले जातात. किटमास्टर या किट कंपनीचे साचे 1962 मध्ये एअरफिक्स या दुसऱ्या कंपनीकडे गेले. रेशो आणि पार्कसाइड ही किटची नावे आता पेको या कंपनीकडे आहेत. नवा मालक तेच किट दुसऱ्या नंबरने विकत असेल, तर जुन्या खोक्याला जास्त पैसे कशाला?

२. नसेलच, तर अर्धवट किंवा वाईट जोडलेला डबा घ्या. विक्रेत्याकडून दोन फोटो मागवा: छत आणि बाजू जिथे मिळतात तो सांधा, आणि खालची बाजू. चाके नसली तरी चालेल, 00 मापात (ब्रिटिश मॉडेल रेल्वेचे नेहमीचे माप) साधारण 14 मिमी व्यासाची डब्याची चाके सुटी मिळतात. दाराच्या मुठी किंवा खिडकीची चौकट तुटलेली असेल तर मात्र सोडून द्या, ते काम फार किचकट.

३. जुना रंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये डबा बुडवून ठेवा, मग मऊ टूथब्रशने घासा. खिडक्यांच्या पारदर्शक पट्ट्या आधी काढा. खोक्यातली जुनी अक्षरे (पाण्यात भिजवून डब्यावर चिकटवायची छापील पट्टी) पाण्यात टाकण्याआधी त्यांवर ग्लॉस वार्निशचा हात मारा, नाहीतर त्यांचे तुकडे होतात.

नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात वापरू नका. त्यात बहुधा ॲसिटोन असते आणि पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचे प्लास्टिक, त्यात विरघळते.