शहराच्या सीमेवरील उपनगराचा अभ्यास कसा करावा

शहराच्या सीमेवरचे उपनगर मध्यवस्तीतील माणसाला एकसुरी आणि इतिहास नसलेले वाटते. हा समज अभ्यासाच्या आरंभीच बाजूला ठेवावा, कारण शहर येऊन पोहोचण्यापूर्वीच्या वाटा, ओढे आणि शेतांच्या हद्दी अशा भागात अनेकदा आजही ओळखता येतात. येथे कोणती गोष्ट आधी आली आणि कोणती नंतर, हा प्रश्न शेवटपर्यंत सोडू नये. उपनगराचा स्वभाव बव्हंशी या क्रमानेच ठरतो, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम निरनिराळ्या काळांतील नकाशे शेजारी ठेवावेत. सरळ जाणारा रस्ता जेथे विनाकारण वळतो, तेथे पूर्वी ओढा किंवा बांध होता का, हे पाहावे. बर्लिनने 1920 मध्ये 7 शहरे, 59 ग्रामीण वस्त्या आणि 27 जहागिरी आपल्यात सामावून घेतल्या, तेव्हा शहराचे क्षेत्रफळ सुमारे 66 चौरस किलोमीटरवरून 878 चौरस किलोमीटरवर गेले. त्यांतील मार्त्सान या खेड्याभोवती 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काँक्रीटच्या उंच इमारतींची प्रचंड वसाहत उभी राहिली. तरीही जुन्या गावाचे लांबट मैदान आणि चर्च इमारतींच्या गराड्यात टिकून आहेत. केवळ इमारतींचे वय पाहणाऱ्याला हे गाव दिसणारच नाही.

त्यानंतर रेल्वे, पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि शाळा यांच्या आगमनाची वर्षे नगरपालिकेच्या दप्तरातून व जुन्या वृत्तपत्रांतून काढावीत. या कामाला सर्वाधिक वेळ द्यावा. रेल्वे आधी आली असेल, तर स्थानकाजवळ दाट आणि दूर जाताना विरळ होत गेलेली वस्ती आढळते. लंडनच्या वायव्येला मेट्रोपॉलिटन रेल्वेने आपल्या मार्गालगतच्या जमिनींवर घरांची योजना राबवली आणि 1915 पासून त्या पट्ट्याची ‘मेट्रो-लँड’ या नावाने जाहिरात केली. म्हणजे तेथे रहिवाशांच्या पाठोपाठ गाडी आली नाही, तर गाडीसाठी रहिवासी आणले गेले. याउलट घरे आधी आणि गटारे नंतर आली असतील, तर अरुंद गल्ल्यांतून नळ टाकण्याची अडचण पुढे दीर्घकाळ भोगावी लागते आणि मोकळ्या जागाही शिल्लक राहत नाहीत.

प्रत्यक्ष फेरी कामाच्या दिवशी सकाळी आणि पुन्हा भर दुपारी मारावी. सकाळी माणसे कोणत्या दिशेने जातात आणि दुपारी मागे कोण उरते, यावरून हा भाग केवळ निवासाचा आहे की येथे रोजगारही आहे, हे कळते.

जुन्या रहिवाशांइतकेच नव्या भाडेकरूंशीही बोलावे. दोघांनाही आपल्या भागाची हद्द कोठे संपते, हे नकाशावर रेखाटण्यास सांगावे आणि त्या रेषा प्रशासकीय सीमेशी ताडून पाहाव्यात. जेथे त्या जुळत नाहीत, तेथील दप्तर पुन्हा उघडावे.