इंग्रजांच्या पहिल्या प्लँटेशन वसाहती : वाचताना आणि लिहिताना या चुका टाळा

उत्तर अमेरिकेतली व्हर्जिनिया वसाहत, तिथली जेम्सटाउनची वस्ती, कॅरिबियन समुद्रातले बार्बाडोस बेट ही नावे स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये, दिवाळी अंकांतल्या लेखांत, यूट्यूबच्या व्हिडिओंत सतत भेटतात. चित्र बहुतेक ठिकाणी एकच असते. इंग्रज गेले, त्यांनी मळे घातले, आफ्रिकेतून गुलाम आणले आणि राजाचा अंमल सुरू झाला. यातली प्रत्येक गोष्ट घडली, पण एका दमात नाही आणि या क्रमाने तर नाहीच. १६८० चे चित्र उचलून १६१० वर चिकटवले की पुढचा सगळा हिशेब चुकतो. खालच्या बऱ्याचशा चुका याच एका सवयीतून येतात.

'प्लँटेशन' दिसले की लगेच 'मळा' लिहू नका

१६०० च्या सुमारास इंग्रजीत प्लँटेशन म्हणजे माणसांची लागवड. परक्या मुलखात आपली कुटुंबे नेऊन रुजवायची, याला हा शब्द होता. १५८६ पासून आयर्लंडच्या मन्स्टर प्रांतात झाली ती प्लँटेशनच, आणि १६०९ पासून अल्स्टरमध्ये झाली तीही. दोन्हीकडे ना ऊस होता, ना तंबाखू. अल्स्टरच्या अटी वाचा, म्हणजे शब्दाचा अर्थ आपोआप उलगडतो. जमीन १,०००, १,५०० आणि २,००० एकरांच्या वाट्यांनी दिली होती. बाहेरून येऊन वाटा घेणाऱ्याने दर १,००० एकरांमागे निदान १० कुटुंबांतले २४ प्रौढ पुरुष इंग्लंड-स्कॉटलंडातून आणून बसवायचे आणि ठरल्या मुदतीत तटबंदीचे आवार बांधायचे, असा करार होता. पिकाचा त्यात संबंधच नाही.

बार्बाडोसमध्ये १६५० च्या आसपास हाच शब्द ऊस, कढया आणि गुलाम असलेल्या मालमत्तेसाठी वापरात आलेला दिसतो. मधल्या वर्षांतला मजकूर हाताशी असेल तर आजूबाजूची वाक्ये तपासा. माणसे, घरे, तटबंदी यांची मोजदाद असेल तर 'वसाहत' लिहा. एकर, पीक, चरक यांची असेल तर 'मळा'.

यातूनच दुसरी चूक होते. कथा थेट १६०७ ला, जेम्सटाउनपासून सुरू केली जाते आणि आयर्लंड गळून जाते. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरची, रोआनोकची १५८५ आणि १५८७ ची फसलेली वस्ती ज्याच्या सनदेवर उभी राहिली, त्याच वॉल्टर रॅलीला मन्स्टरमध्ये सुमारे ४२,००० एकर मिळाले होते. त्या लोकांच्या लेखी हा एकच उद्योग होता.

'व्हर्जिनिया' या नावाचीही काळजी घ्या. १० एप्रिल १६०६ च्या सनदेत व्हर्जिनिया म्हणजे ३४ ते ४५ अंश उत्तर अक्षांशांमधला सगळा किनारा. दक्षिणेकडचा भाग लंडनच्या कंपनीकडे (हीच व्हर्जिनिया कंपनी) आणि उत्तरेकडचा प्लिमथच्या. ही प्लिमथ कंपनी आणि १६२० ची, मेफ्लॉवर जहाजातून आलेल्यांची प्लिमथ वसाहत यांची सरमिसळ वारंवार होते. कंपनीने १६०७ मध्ये आजच्या मेन राज्यात वसवलेली वस्ती वर्षभरातच उठली होती.

पौंड कोणता आणि वर्ष कोणते, हे आधी ठरवा

मराठीत इंग्रजी चलन आणि वजन दोन्हीला 'पौंड' म्हणण्याची रीत आहे, म्हणून हा घोटाळा आपल्याकडे जास्त होतो. '१६१७ मध्ये व्हर्जिनियातून २०,००० पौंडांची तंबाखू गेली' असे वाक्य वाचले की वाचक रक्कम समजतो, पण ते वजन आहे. वजनासाठी आपला जुना 'रतल' वापरा, नाहीतर किलो करून लिहा: २०,००० रतल म्हणजे सुमारे ९,००० किलो. तंबाखू हे तिथले चलनच होते, म्हणून ही चूक किरकोळ समजू नका. १६९६ च्या कायद्याने पाद्र्याचा वर्षाचा पगार १६,००० रतल तंबाखू ठरला. १६२१ मध्ये लग्नासाठी पाठवलेल्या मुलींच्या प्रवासखर्चापोटी नवऱ्याने दर मुलीमागे १५० रतल उत्तम तंबाखू कंपनीला द्यायचे होते. इथे रक्कम धरली तर आकडा हास्यास्पद होतो. खऱ्या रकमेचे उदाहरण हवे असेल तर व्हर्जिनिया कंपनीच्या १६०९ च्या समभागाची किंमत घ्या: १२ पौंड १० शिलिंग.

तारखांचा सापळा आपल्या इतिहासातही आहे. इंग्लंडात १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला लागायचे आणि सतराव्या शतकात त्यांची तारीख आजच्या पद्धतीपेक्षा १० दिवस मागे असायची. व्हर्जिनियातल्या मूळ रहिवासी पोहाटन लोकांनी इंग्रजांच्या वसाहतींवर एकाच सकाळी हल्ला करून ३४७ जणांना मारले, ती तारीख २२ मार्च १६२२. त्या वेळच्या इंग्रजी कागदात मात्र ते साल १६२१ असते, कारण वर्ष बदलायला तीन दिवस बाकी होते. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली, तेव्हाच्या वखारीच्या पत्रांवर १६६३ पडते, त्याचे कारणही हेच. १ जानेवारी ते २४ मार्च यांमधली कोणतीही तारीख उतरवताना १६२१/२२ असे जोडसाल लिहा. उगाच दहा दिवस मिळवायला जाऊ नका. मिळवलेच तर लेखभर तीच पद्धत ठेवा.

'आळशी सरदार उपाशी मेले' एवढ्यावर थांबू नका

तीन जहाजे २० डिसेंबर १६०६ ला लंडनहून निघाली आणि मे १६०७ मध्ये १०४ पुरुष आणि मुलगे जेम्सटाउनला उतरले. जानेवारीपर्यंत त्यांतले ३८ उरले. १६०९-१० च्या हिवाळ्यात तर तटाच्या आत जेमतेम ६० जण तगले. याचे सगळे खापर कामचुकारपणावर फोडले जाते. दोष होता, पण कारणे अनेक होती आणि ती एकमेकांत गुंतलेली होती.

पहिले कारण जागा. स्पॅनिश जहाजांच्या टप्प्यात येऊ नये म्हणून नदीतून बरेच आत जायचे, आणि पाणी इतके खोल हवे की जहाज काठच्या झाडाला बांधता यावे. जेम्सटाउनचे बेट दोन्ही कसोट्यांना उतरले, पण ते दलदलीत होते. उन्हाळ्यात नदीचा ओघ कमी झाला की समुद्राचे खारे पाणी वर चढायचे, वस्तीची घाण तिथेच तुंबायची आणि लोक तेच पाणी प्यायचे. हगवण आणि विषमज्वर त्यातून आले.

दुसरे कारण पाऊस. झाडांच्या वर्तुळांवरून काढलेला अंदाज सांगतो की १६०६ ते १६१२ हा तिथला गेल्या ७७० वर्षांतला सर्वांत कोरडा सात वर्षांचा काळ होता. इंग्रजांना मका पोहाटनांकडून घ्यायचा होता आणि त्यांच्याकडेच तो कमी होता. मागणी वाढली, मग जबरदस्ती झाली, मग वेढा पडला. तिसरे कारण वादळ. १६०९ च्या मोठ्या मदत-ताफ्यातले मुख्य जहाज बर्म्युडाच्या खडकांवर अडकले. नवे अधिकारी आणि बरीचशी रसद त्यावर होती, माणसे मात्र इतर जहाजांतून पोचली. म्हणजे खाणारी तोंडे वाढली आणि धान्य आले नाही.

आणि सुरुवातीला जमीन कोणाच्याच नावावर नव्हती, हेही लिहा. काम कंपनीचे, कोठार सामाईक. १६१४ च्या सुमारास वसाहतीचा अधिकारी टॉमस डेल याने माणशी तीन एकर मक्यासाठी लावून दिले, तेव्हा कुठे अन्नाची स्थिती सावरू लागली.

तंबाखूने वसाहत वाचवली, पण तेवढेच सांगून सोडू नका

स्थानिक तंबाखू उग्र होती, लंडनमध्ये ती खपत नव्हती. जॉन रॉल्फने १६१२ च्या सुमारास स्पॅनिश अमेरिकेतल्या सौम्य जातीचे बी लावले आणि १६१४ मध्ये पहिला माल गेला. हे सगळे लिहितात. पिकाने जमिनीचे आणि वस्तीचे काय केले, ते मात्र सुटते.

हिवाळा सरता सरता वाफ्यात बी टाकायचे, मे-जूनमध्ये रोपे मातीच्या छोट्या ढिगांवर लावायची, मग शेंडे खुडायचे, फुटवे काढायचे आणि पानापानावरची अळी हाताने वेचायची. निपाणी भागातल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. कापणीनंतर पाने सावलीत टांगून वाळवायची आणि हवेत पुरेसा ओलावा आला की मगच उतरवायची. फार कोरडी असताना हात लावला तर चुरा होतो. फार ओली पिंपात दाबली तर समुद्रावरच सडते. ही कामे वर्षभर चालतात, आणि त्यांना यंत्रापेक्षा माणसे लागतात.

एकाच तुकड्यात तीन-चार वर्षे तंबाखू घेतली की जमीन दमायची, आणि तिला पुन्हा ताकद यायला वीसेक वर्षे पडीक ठेवावी लागायची. म्हणून हातात धरलेल्या रानाच्या कितीतरी पट राखीव जमीन हवी. म्हणून वस्ती नद्यांच्या काठाने पांगली, शहरे उभी राहिली नाहीत आणि मूळ रहिवाशांच्या जमिनींवरचे आक्रमण थांबेना. १६२२ चा हल्ला या पार्श्वभूमीशिवाय समजत नाही. त्यानंतर दोन वर्षांत कंपनीची सनद रद्द झाली. व्हर्जिनिया 'राजाची वसाहत' झाली ती १६२४ मध्ये, १६०७ मध्ये नव्हे.

माणशी ५० एकरांचा १६१८ चा नियमही नेहमी उलटा सांगितला जातो. जमीन येणाऱ्याला मिळत नव्हती. ज्याने त्याचे प्रवासभाडे भरले त्याला मिळत होती. दहा नोकर आणणाऱ्याला ५०० एकर. एकच नाव दोनदा दाखवून जमीन उकळल्याची उदाहरणे आहेत, आणि पट्टा पुष्कळदा नोकर येऊन बरीच वर्षे झाल्यावर घेतला जाई. म्हणून पट्ट्याचे साल हे त्या माणसाच्या आगमनाचे साल समजू नका.

बार्बाडोस म्हणजे पहिल्या दिवसापासून ऊस नव्हे

इंग्रज वस्ती फेब्रुवारी १६२७ ची. आधी तंबाखू, कापूस, नीळ. बार्बाडोसची तंबाखू हलकी ठरली, भाव पडले, आणि १६४० च्या दशकात ब्राझीलकडून ऊस आणि कसब आले. तेही लगेच जमले नाही. आपल्याकडच्या ऊसकऱ्याला या चुका पटकन कळतील. १६४७ मध्ये तिथे पोचलेल्या रिचर्ड लिगनने लिहून ठेवले आहे की लोक आधी तीन-तीन फुटांवर खड्डे घेऊन टिपरी उभी खोचत. मुळे उथळ राहात, वाऱ्यात ऊस लोळे आणि मधल्या मोकळ्या जागेत तण माजे. मग लांब सऱ्या काढून दोन-दोन कांड्या आडव्या टाकायला शिकले. प्रत्येक डोळ्यातून फूट येऊ लागली आणि रान झाकले गेले. दुसरी चूक तोडणीची. ते बाराव्या महिन्यात ऊस तोडत होते. तिथे तो पंधराव्या महिन्यात पक्व होतो. कोवळ्या उसाची साखर ओलसर आणि काकवीने भरलेली निघे, लंडनच्या बाजारात तिला कोणी विचारत नसे.

तोडलेला ऊस दोन दिवसांत चरकात गेला नाही तर रस आंबतो. म्हणून सोमवारी पहाटेपासून शनिवारी रात्रीपर्यंत आळीपाळीने काम चाले. तीन उभ्या लाटांचा चरक, ओळीने मांडलेल्या तांब्याच्या कढया, मळी काढणे, चुन्याचे पाणी, शेवटच्या लहान कढईत पाक नेमका उतरवणे. मग बुडाला भोक असलेल्या भांड्यांत साखर भरून महिनाभर काकवी निथळू देणे. गुऱ्हाळ पाहिलेल्याला हे ओळखीचे वाटेल, पण फरक मोठा आहे. चरक मोडला की तोडलेला ऊस, कढया आणि माणसे सगळेच अडकते. त्यामुळे शेत, कारखाना आणि मजूर एकाच मालकाच्या हाती एकवटले, आणि त्याला भांडवल लागले. ऊस येण्याआधी ५०० एकर जिथे ४०० पौंडांत मिळाले असते, तिथे १६४७ मध्ये त्याच मालमत्तेचा अर्धा हिस्सा ७,००० पौंडांना विकला गेला. ही किंमत चरक, कढया, जनावरे आणि ९६ गुलामांसह होती. इथले पौंड रकमेचे.

त्या ५०० एकरांतही ऊस दोनशेच्या थोडा वर होता. बाकीत जंगल, कुरण, अन्नाची पिके, थोडी तंबाखू, आले आणि कापूस.

मुंबईशी जोडताना

धागे खरे आहेत. ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर टॉमस स्माइथ हाच १६०९ ते १६१९ व्हर्जिनिया कंपनीचा प्रमुख होता. जेम्सटाउनचा ताफा नेणारा क्रिस्टोफर न्यूपोर्ट पुढे इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो याला घेऊन सुरतेला आला. वर उल्लेखलेला डेल १६१९ मध्ये मच्छलीपट्टणला वारला. १६६८ मध्ये मुंबई कंपनीला दिली ती 'केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिच जहागिरीप्रमाणे', म्हणजे व्हर्जिनियाच्या १६०६ च्या सनदेतल्याच शब्दांत. पण हा जमीनधारणेचा ठरीव मसुदा आहे. त्यावरून दोन्हीकडे एकच धोरण होते असा निष्कर्ष काढू नका. सुरतेला वखार होती, मुघलांच्या परवानगीने. तिथे कुटुंबे रुजवायची नव्हती.

नोकर, गुलाम आणि गिरमिटिया यांना एका शब्दात बसवू नका

सर्वांत जास्त जपायला हवे ते इथे. चेसापीक भागात (व्हर्जिनिया आणि मेरीलँड) सतराव्या शतकात आलेल्या गोऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश करारबद्ध नोकर होते: प्रवासाच्या बदल्यात चार ते सात वर्षे राबायचे. कराराचा कागद दोन प्रतींत लिहून मधून दातेरी कापत आणि एकेक भाग दोघांकडे राही. भांडण झाले की दाते जुळवून पाहायचे. हाल भयंकर होते, मुदत संपण्याआधी मेलेले असंख्य. तरी करार संपत होता आणि मुले जन्मतः मालकाची होत नव्हती. म्हणून त्यांना 'गोरे गुलाम' म्हणू नका. आणि 'गिरमिटिया' हा शब्द १८३४ नंतर भारतातून करारावर मजुरीला गेलेल्यांसाठी राखून ठेवा.

उलट बाजूने, ऑगस्ट १६१९ मध्ये व्हर्जिनियातल्या पॉइंट कम्फर्टला उतरवलेल्या वीसेक आफ्रिकनांपासून गुलामगिरीची पूर्ण कायदेशीर चौकट तयार होती असेही लिहू नका. ती तुकड्यातुकड्याने रचली गेली. १६४० मध्ये तीन नोकर पळाले. दोघा युरोपियनांची मुदत चार वर्षांनी वाढवली. तिसऱ्याला, जॉन पंच या काळ्या माणसाला, जन्मभर सेवा सुनावली. अँथनी जॉन्सन मात्र १६२१ मध्ये येऊन पुढे मोकळा झाला आणि १६५१ मध्ये त्याच्या नावावर २५० एकर होते. १६६२ मध्ये मूल आईच्या दर्जाचे ठरले. १६६७ मध्ये बाप्तिस्म्याने सुटका होत नाही असे ठरले. बार्बाडोसची गुलामसंहिता १६६१ ची, व्हर्जिनियाची एकत्रित संहिता १७०५ ची.

कोण कोणत्या स्थितीत होते हे ताडायचे असेल तर कायद्यांआधी याद्या वाचा. मृताच्या मालमत्तेच्या यादीत नोकरापुढे उरलेली वर्षे लिहिलेली असतात. ज्याच्यापुढे वर्षे नाहीत आणि किंमत जास्त आहे, तो बहुधा जन्मभराचा. १६२५ च्या व्हर्जिनियाच्या शिरगणतीत इंग्रज नोकरांपुढे सहसा नाव, वय, जहाज आणि आगमनाचे साल आहे. आफ्रिकनांपुढे बहुतेक ठिकाणी नुसती संख्या. विल्यम पिअर्सच्या घरच्या नोंदीत मात्र एक नाव जहाजासकट सापडते: 'अँजेलो, निग्रो बाई, ट्रेझरर जहाजातून'. वय नाही, मुदत नाही. अनुवाद करताना त्या रिकाम्या जागा भरू नका.