समुद्रकाठी कवीचा पुतळा कसा राखावा

पुतळा ब्राँझचा असेल आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असेल, तर आधी पाणी तपासा. साबण, ब्रश, मेण यांचा विचार नंतर. किनाऱ्यावरच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, आणि त्या पाण्याने पुतळा धुणं म्हणजे त्याला मीठ चोळणं. हायस्कूलच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण असतं. विज्ञानाच्या सरांना सांगून पाण्याच्या नमुन्यात त्याचे दोन थेंब टाकून घ्या. पाणी दुधाळ झालं तर त्यात क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, आहे. मग डोंगराकडच्या विहिरीचं गोडं पाणी आणा आणि शेवटचा हात गाडीच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने फिरवा.

मी रत्नागिरीकडचा, जहाजावर इंजिनीअर होतो. खारी हवा धातूचं काय करते हे पाहण्यातच नोकरी गेली. आमच्या बंदराच्या नाक्यावर गावच्या कवीचा अर्धपुतळा आहे, आणि तो आम्ही काही जण मिळून राखतो. ही कल्पना माझ्या मनात न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला रुजली. शहराच्या मध्यभागी स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स ब्राँझमध्ये बसलेला आहे. जॉन स्टील या शिल्पकाराचं हे काम, १८८७ सालचं. त्याच्याच हातचे बर्न्स न्यूयॉर्क, डंडी आणि लंडनलाही आहेत. ड्युनेडिन वसवणाऱ्या स्कॉटिश लोकांचे धर्मगुरू थॉमस बर्न्स हे कवीचे सख्खे पुतणे. बर्न्स जन्मला २५ जानेवारी १७५९ रोजी, गेला १७९६ मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी. १८०१ पासून त्याच्या नावाने मंडळं निघत आली, १८८५ मध्ये स्कॉटलंडमधल्या किलमार्नॉकला त्यांचा संघही झाला. आजही २५ जानेवारीला जगभर ही माणसं जमतात, कविता म्हणतात, कित्येक शहरांत पुतळ्याला फुलं वाहतात. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे, की कवीला तारीख आहे. तारीख असली की माणसं जमतात, आणि माणसं जमली की पुतळ्याकडे कुणाचं तरी लक्ष जातं.

म्हणून आपणही तारखा ठरवाव्यात. मोठं काम दोनदा: मे महिन्यात पावसाआधी, आणि दसरा उलटून हवा कोरडी झाली की. पुतळा बहुधा ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या ताब्यात असतो, तेव्हा हात लावण्याआधी लेखी परवानगी घ्या. काम सुरू करण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढा आणि दर वेळी त्याच जागांवर उभं राहून काढा. एक वही ठेवा.

धुण्याची रीत अशी. नळी हळू सोडून वरून खाली मिठाचा थर उतरवा, प्रेशरचा फवारा नको. कावळ्यांची घाण खरवडू नका, त्यावर ओलं फडकं ठेवून ती मऊ होऊ द्या. बादलीभर पाण्यात चमचाभर न्यूट्रल (म्हणजे ॲसिड किंवा सोडा नसलेला) लिक्विड सोप घालून मऊ नायलॉनच्या ब्रशने कानामागे, पागोट्याच्या घड्यांत, चष्म्याच्या काडीखाली हात फिरवा. तारेचा ब्रश आणि काथ्या दोन्ही घरी ठेवा. मग भरपूर पाणी, आणि सुती फडक्याने पूर्ण कोरडं.

इथे आपल्याकडची एक सवय आड येते. आपण देवाची भांडी चिंचेने, कोकमाने लखलखीत करतो, तसाच पुतळाही चकचकीत दिसावा असं वाटतं. कृपा करून हे करू नका. पितळ घासायची पावडरही नको. काळपट तपकिरी, गडद हिरवा असा जो घट्ट थर पुतळ्यावर बसलेला असतो तो मळ नव्हे, ते धातूचं चिलखत आहे. आंबटाने ते उतरतं आणि उघडं पडलेलं ब्राँझ खाऱ्या हवेच्या तोंडी जातं.

भिण्यासारखा हिरवा वेगळा. तो फिकट असतो, भुकटीसारखा, ठिपक्याठिपक्यांनी येतो. पुतळ्याखाली पांढरा कागद धरून ठिपक्यावर हलकेच ब्रश फिरवा. भुकटी पडली आणि काही दिवसांनी त्याच जागी पुन्हा आली, तर आत रोग चालू आहे. मिठातला क्लोराइड तांब्याशी जुळलेला असतो. ओल आणि ऑक्सिजन मिळाला की त्यातून ॲसिड सुटतं, ते आणखी तांबं खातं, आणि हे थांबत नाही. इथे आपण थांबायचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे फोटो पाठवून सल्ला विचारा. सँडपेपर मारणारा उत्साही माणूस प्रत्येक गावात असतो, त्याला प्रेमाने पण ठामपणे अडवा.

सगळं ठीक असेल तर मेण. मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा, म्हणजे पेट्रोलियमपासून केलेल्या बारीक कणांच्या मेणाचा, डबा मागवा. सकाळी ऊन लागून धातू कोमट झाला की फडक्यावर अगदी थोडं घेऊन पातळ हात द्या, सुकून धूसर दिसलं की कोरड्या फडक्याने घासा. दुसरा हात त्यानंतर. जाड थर दिलात तर धूळ चिकटते.

ब्राँझचे पुतळे आतून पोकळ असतात आणि बुडाशी पाणी निघायला भोक ठेवलेलं असतं. कुंभारीण माशी नेमकी तिथेच मातीचं घर करते. बांबूच्या काडीने ते मोकळं करा, लोखंडी तार घालू नका. जांभ्याच्या चौथऱ्यावरचं शेवाळ कोरड्या दिवसांत ब्रशने काढा. ॲसिड नको, वरून ऑइलपेंटही नको, जांभा ओल धरतो आणि रंगाखाली ती कोंडते. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकात दगडांवर कविता कोरल्या आहेत. तुमच्याकडेही कोरीव ओळी असतील तर अक्षरांच्या खाचा आधी साफ करा, कवीचं तोंड तिथे आहे.

पुतळा फायबरचा असेल (टिचकी मारली की बद्द आवाज येतो) तर फक्त धुवा आणि तडे वहीत लिहा.

हार दोऱ्यात ओवलेलाच घ्या, तारेचा नको, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी आठवणीने काढावा. दुधाचा अभिषेक आणि गुलाल यांऐवजी जयंतीला मुलांकडून कविता म्हणवून घ्या. शिडीवर मात्र मुलं नकोत, ती मोठ्यांनी चढावी, एकाने खाली धरावी. उरलेलं मेण झाकण घट्ट लावून वाचनालयाच्या कपाटात ठेवा, वहीच्या शेजारीच, म्हणजे मे महिन्यात दोन्ही एकदमच हाती लागतील.