नागपुरात मालवाहू पिकअप घेताना : आधी वजनाचा हिशेब, मग गाडी

पिकअप घ्यायला निघालेले बहुतेक लोक शोरूममध्ये आधी ॲव्हरेज विचारतात आणि मग हप्ता. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत, पण त्यांच्याही आधी विचारायची गोष्ट म्हणजे गाडी किती वजनाला पासिंग आहे. परमिट लागेल की नाही, कोणता माल भरता येईल, काट्यावर दंड बसेल की नाही, हे सारे आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनावरून, म्हणजे गाडी आणि माल मिळून मान्य असलेल्या वजनावरून, ठरते. म्हणून गाडीचे नाव ठरवण्यापूर्वी, वर्षातल्या बहुतेक दिवशी आपण कोणता माल, कोठून कोठे आणि किती नेणार आहोत, हे एका कागदावर लिहून काढावे. वर्षातून तीन-चार वेळा येणारा मोठा लोड त्या कागदावर घेऊ नये, कारण तेवढ्यासाठी त्या दिवशी आयशर भाड्याने घेणे स्वस्त पडते.

नागपूर परिसरात हा हिशेब भागाप्रमाणे बदलतो. मोठे ट्रक वाडी किंवा कापसीच्या गोदामांत रिकामे होतात आणि तेथून इतवारी, मस्कासाथ, गांधीबाग येथील अरुंद रस्त्यांवर किराणा आणि कापड पोचवण्याचे काम लहान गाड्यांकडे येते. अशा कामात गाडी कमी जागेत वळली पाहिजे, तेथे लांब हौदा, म्हणजे माल भरायची मागची जागा, अडचणीचा ठरतो. काटोल-नरखेडच्या बागांतून कळमन्याच्या बाजारात संत्री आणणाऱ्याला मात्र शेतरस्त्यावरून भरलेली गाडी बाहेर काढायची असते, त्यामुळे त्याने गाडीची जमिनीपासूनची उंची आणि पाट्यांची, म्हणजे भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्यांची, मजबुती पाहावी. हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत लोखंड आणि यंत्रांचे सुटे भाग असतात. हा माल हौद्यात दिसतो थोडा आणि भरतो जड, म्हणून अशा कामाला दोन टनांच्या आसपास माल नेणारीच गाडी घ्यावी.

माल जड आहे की नुसता मोठा आहे, यात अनेकांची फसगत होते. पन्नास किलोच्या तीस सिमेंटच्या गोण्या रचल्या, तर हौदा अर्धाही भरत नाही, पण दीड टन पूर्ण होतो. उलट सुटा कापूस, फोमच्या गाद्या किंवा प्लास्टिकच्या खुर्च्या यांनी हौदा ताडपत्रीच्या वर गेला, तरी वजन पाचशे-सातशे किलोच्या पुढे सरकत नाही. पहिल्या प्रकारच्या मालाला पाटे, ॲक्सल आणि टायर लागतात, तर दुसऱ्या प्रकारच्या मालाला हौद्याची लांबी. लांब हौद्याची गाडी घेऊन त्यात लोखंड भरणारे आणि मग वर्षभरात पाटे बदलत बसणारे मालक कोणत्याही गॅरेजमध्ये भेटतात.

गाडी प्रत्यक्षात किती माल नेऊ शकते, हे जाहिरातीवरून ठरवू नये. एकूण पासिंग वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करावे, जे उरते तेवढाच माल कायद्याने भरता येतो. त्यातही केवळ केबिन आणि चेसिस घेऊन बाहेरून बॉडी बांधून घेणार असाल, तर बॉडीचे वजन मालाच्या वाट्यातून जाते. जाड पत्रा, उंच जाळी आणि मागे दणकट फाळका लावला की शे-दीडशे किलो सहज वाढतात. बॉडी बांधणाऱ्याला वजन आधी विचारावे, आणि गाडी तयार झाल्यावर पेट्रोलची टाकी असो वा डिझेलची, ती भरून रिकामी गाडी एकदा वजनकाट्यावर चढवावी. या पावतीला पाच-पन्नास रुपये लागतात, पण त्यावरून पुढचा सगळा हिशेब खरा होतो.

वजनाच्या दोन सीमा प्रत्येक खरेदीदाराने लक्षात ठेवाव्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार ३,००० किलोपर्यंत एकूण वजन असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. कंपन्या काही पिकअप या आकड्याच्या जेमतेम आत ठेवतात, ते याच कारणाने. ज्याचा माल सव्वा टनाच्या आत बसतो, त्याने मोठ्या गाडीच्या मोहात पडून परमिटचा खर्च आणि नूतनीकरणाची कटकट ओढवून घेण्यात अर्थ नाही. दुसरी सीमा ७,५०० किलोंची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले की, हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या चालकाला ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवण्यासाठी वेगळ्या नोंदीची गरज नाही. त्यामुळे कोणतीही पिकअप साध्या एलएमव्ही परवान्यावर चालते, आणि केवळ या कारणावरून विमा कंपनीला दावा नाकारता येत नाही.

खवासामार्गे मध्य प्रदेशात किंवा भंडाऱ्याच्या पुढे छत्तीसगडकडे नियमित फेऱ्या होणार असतील, तर परराज्यातील कर आणि परमिट यांची चौकशी गाडी बुक करण्यापूर्वीच आरटीओत करावी. पत्त्याप्रमाणे आपली गाडी एमएच-३१, एमएच-४९ किंवा ग्रामीणची एमएच-४० यांपैकी कोणत्या कार्यालयात जाईल, हेही तेव्हाच कळते.

मॉडेलांविषयी फार लांबण लावण्याची गरज नाही. महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटाची योद्धा आणि इंट्रा, अशोक लेलँडची बडा दोस्त आणि इसुझुची डी-मॅक्स या गाड्या आपल्याकडे प्रामुख्याने पाहिल्या जातात. त्यांतला एक फरक मात्र विदर्भात जास्त महत्त्वाचा आहे. बोलेरो, योद्धा आणि डी-मॅक्स यांचे इंजिन पुढे बॉनेटखाली असते, तर इंट्रा आणि बडा दोस्त यांचे सीटखाली असते. सीटखाली इंजिन असले की तेवढ्याच लांबीच्या गाडीत हौदा लांब मिळतो, आणि गल्लीबोळांत ते सोयीचे पडते. पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना दुपारभर चालवून पाहिल्याशिवाय अशी गाडी ठरवू नये. चालक पगारी असेल तर त्यालाच ट्रायलला न्यावे, तो मालकापेक्षा स्पष्ट बोलेल. इसुझुची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स या दुहेरी केबिनच्या गाड्या शेतावर जाणाऱ्या कुटुंबासाठी उत्तम आहेत, मात्र भाड्याच्या धंद्यासाठी त्यांचा विचार करू नये.

सीएनजीचा पर्याय घेताना सिलिंडरचे वजनही मालातून वजा होते, आणि आपल्या रोजच्या मार्गावर पंप किती व रांग किती, हे स्वतः पाहिल्याशिवाय बचतीचा कागदी हिशेब मानू नये. सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते, तो खर्चही धरावा.

पैशाचा भाग

मालवाहू वाहनांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे, त्यामुळे जुन्या कोटेशनशी तुलना करू नये. दुसरीकडे महाराष्ट्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनांवर ७ टक्के एकरकमी कर लावला. दहा लाखांच्या गाडीवर तो सत्तर हजार होतो, आणि ही रक्कम पहिल्या दिवशीच लागते. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला मालवाहू वाहनावर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळते, जे मोटारकारवर सहसा मिळत नाही. मात्र जेवढे क्रेडिट घेतले तेवढ्या रकमेवर घसारा धरता येत नाही. प्राप्तिकरात गाडी स्वतःच्या धंद्यासाठी असेल तर घसारा १५ टक्के आणि भाड्याने चालवण्याचा धंदा असेल तर ३० टक्के असतो. हे आपल्या सीएला गाडी घेण्यापूर्वी विचारावे, मार्चमध्ये नव्हे.

कर्जाच्या बाबतीत एकच शब्द कान उघडे ठेवून ऐकावा, आणि तो म्हणजे ‘फ्लॅट’. आठ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी घटत्या शिलकीवर १० टक्क्यांनी घेतले, तर हप्ता सुमारे १७,००० रुपये बसतो. तेच कर्ज ‘फक्त ७ टक्के फ्लॅट’ म्हणून दिले, तर व्याज पूर्ण रकमेवर पाचही वर्षे लागते, हप्ता १८,००० होतो आणि खरा दर साडेबारा टक्क्यांच्या घरात जातो. म्हणून दर न विचारता एकूण परतफेड किती होणार, ते लिहून मागावे. संत्र्यावर उत्पन्न अवलंबून असणाऱ्यांनी आंबिया आणि मृग या दोन बहारांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत हप्ता कशातून निघेल, हेही आधीच पाहावे.

विम्यात ‘मालवाहू’ वर्गाचीच पॉलिसी लागते. २०२२ च्या दरपत्रकानुसार ७,५०० किलोपर्यंतच्या, भाड्याने चालणाऱ्या वाहनाचा थर्ड पार्टी प्रीमियम १६,०४९ रुपये आहे. केवळ स्वतःचा माल नेणाऱ्या गाडीला तो कमी लागतो, म्हणून काही एजंट तसे लिहून देतात. पण त्या पॉलिसीवर भाडे मारताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते. बाहेरून बांधलेल्या बॉडीची किंमत पॉलिसीत वेगळी दाखवावी आणि चालक व हमाल यांचे संरक्षण मागून घ्यावे. कापूस वेचणीला किंवा संत्रातोडीला मजुरांना हौद्यात बसवून नेण्याची पद्धत गावोगावी दिसते. ती बेकायदेशीर तर आहेच, शिवाय अशा वेळी झालेल्या अपघाताची भरपाई मालकाच्या घरादारावर येऊ शकते.

ओव्हरलोडबद्दल इतकेच सांगावेसे वाटते की, २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असा आहे. माल हौद्याबाहेर काढून नेला, तरीही २०,००० बसतात. सळई नेणाऱ्यांनी हे दुसरे कलम विशेष ध्यानात घ्यावे, कारण सळईची सर्वसाधारण लांबी १२ मीटर असते आणि पिकअपमध्ये ती कशीही ठेवली तरी बाहेर येते. ती दुकानातूनच दुमडून किंवा कापून घ्यावी.

जुनी गाडी तपासताना

जुनी पिकअप पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जावे आणि आपण पोचेपर्यंत गाडी चालू करू नये असे विक्रेत्याला सांगून ठेवावे. थंड इंजिन पहिल्या सेल्फला उठते का, ऑइलचे झाकण उघडल्यावर धुराचा झोत येतो का, हे बघावे. त्यानंतर इंजिन सोडून गाडीखाली जावे, कारण भाड्याच्या गाडीचे खरे आयुष्य तिथे लिहिलेले असते. केबिनच्या लगेच मागे चेसिसवर वेल्डिंगची रेघ किंवा ताजा काळा रंग असेल, तर पुढे बोलणीच करू नयेत. पाट्यांची संख्या मोजावी. कंपनीने दिल्यापेक्षा एखादा पाटा जास्त असेल, तर गाडीने पासिंगपेक्षा जास्त वजन ओढले आहे असे समजावे, आणि मग क्लच, डिफरन्शियल आणि मागचे बेअरिंग यांचीही तशीच अवस्था गृहीत धरून भाव करावा.

टायरच्या बाजूवर दोन गोष्टी वाचता येतात. चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असते, म्हणजे २३२४ याचा अर्थ २०२४ चा तेविसावा आठवडा. भारक्षमतेचा आकडा ११२ असेल, तर तो टायर १,१२० किलो पेलतो. मागच्या दोन टायरांवर मिळून किती भार येऊ शकतो, हे यावरून कळते. रिकामी ट्रायल घेऊन काहीच समजत नाही. विक्रेत्याची तयारी असेल तर गाडी अर्धी तरी भरून सेमिनरी हिल्सच्या चढावर न्यावी, चढावर थांबवून पुन्हा उचलावी आणि उतारावर ब्रेक एका बाजूला ओढतो का ते पाहावे.

कागदपत्रांत फिटनेसची मुदत, बाकी ई-चलन, कर्जाचा बोजा आणि चेसिस क्रमांक हे वाहन पोर्टलवर व प्रत्यक्ष गाडीवर जुळवून घ्यावेत. मालवाहू गाडीचे फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते, शिवाय आठ वर्षांनंतर पर्यावरण कर लागतो, म्हणून साडेसात वर्षांची गाडी स्वस्त का मिळते आहे याचे उत्तर बहुधा येथेच असते. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, बसली आहे का, तेही पाहावे. व्यवहार झाल्यावर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन हस्तांतरण लगेच करावे. नावावर न केलेली गाडी म्हणजे दोघांच्याही डोक्याला ताप.

नागपूरच्या उन्हात गाडी राखताना

टायरमधली हवा पहाटे, गाडी थंड असताना तपासावी. दुपारी गरम टायरमध्ये हवा जास्त दिसते म्हणून ती कमी करणारा माणूस संध्याकाळी कमी हवेवर भरलेली गाडी चालवत असतो. समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर हीच चूक टायर फोडते. मालवाहू गाडीला तेथे ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, ती पाळली तर टायर आणि डिझेल दोन्ही वाचतात. जिनिंगला कापूस नेणाऱ्यांच्या रेडिएटरच्या जाळीत रुई अडकते आणि गाडी विनाकारण तापते, म्हणून हंगामात ती जाळी आठवड्यातून एकदा आतल्या बाजूने हवा मारून साफ करावी.

बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असेल आणि गाडी दिवसभर शहरातच थांबत-सुरू होत चालत असेल, तर तो फिल्टर भरतो. त्याचा दिवा लागताच गाडी अमरावती किंवा वर्धा मार्गावर वीस मिनिटे एका गतीने चालवून आणावी आणि ऑइल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच टाकावे. दिव्याकडे दुर्लक्ष केले की पुढचे बिल हजारांत राहत नाही.

कर्जाचा शेवटचा हप्ता गेला की फायनान्स कंपनीकडून एनओसी आणि सही केलेला फॉर्म ३५ ताबडतोब मागावा आणि आरसीवरचा बोजा त्याच महिन्यात उतरवून घ्यावा. तो तसाच राहिला, तर गाडी विकायच्या वेळी जुन्या शाखेचा पत्ता शोधण्यापासून सुरुवात करावी लागते.