शेणखत बुंध्याला नको, सावलीच्या कडेला द्या

पावसाळा तोंडावर आला की बागेत शेणखत पडू लागतं. पहिला प्रश्न ठरलेला असतो: झाडाला किती पाट्या? त्याआधी दोन गोष्टी बघा. खत पुरतं कुजलंय का, आणि ते बुंध्यापासून लांब पडतंय का? शेणखताने झाड बिघडतं तेव्हा बहुधा यातलंच काहीतरी चुकलेलं असतं.

कुजलेलं खत काळसर, भुसभुशीत असतं. त्याला मातीचा वास येतो आणि त्यात शेण किंवा काडी ओळखू येत नाही. शंका असेल तर ढिगात लोखंडी सळई खुपसा आणि अर्ध्या तासाने बाहेर काढा. गरम लागली तर खत अजून तयार नाही. अशा खतातला अमोनिया कोवळी मुळं करपवतो. त्यातला काडीकचरा कुजताना जमिनीतलं नत्र ओढून घेतो, म्हणून खत घालूनही पानं पिवळी पडतात. शिवाय मुळं कुरतडणाऱ्या हुमणीच्या अळ्या आणि तणाचं बी त्याच खताबरोबर बागेत येतं. नारळ असेल तर जास्तच जपा, गेंड्या भुंगा अंडी घालतो तो खताच्या खड्ड्यातच.

ढीग आतून ५५ ते ६५ अंश सेल्सिअस तापला तर तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. पण बाहेरचा थर तेवढा तापत नाही, म्हणून ढीग उलटा-पालटा करत राहायचा. ओल टिकवायची, वर झाकण घालायचं. कोरडा पडलेला ढीग वर्षभर ठेवला तरी कुजत नाही, नुसता वाळतो.

आता जागा. अन्न घेणारी तंतुमुळं बुंध्याशी कमी आणि झाडाच्या घेराकडे जास्त असतात. दुपारी बारा वाजता सावलीची कड जिथे पडते, तिथे आतल्या बाजूने हात-दीड हात रुंदीची आणि वीतभरापेक्षा कमी खोलीची चारी काढा. खोल खणलं तर तीच मुळं तुटतात. खत मातीत मिसळून लगेच झाका. बागेत छोटे ढीग टाकून ते दिवसेंदिवस उन्हात ठेवण्याची सवय मोडायलाच हवी, कारण त्यातलं नत्र हवेत उडून जातं.

बुंध्याशी खताचा ढिगारा कधीच नको. सतत ओली राहिलेली साल कुजते आणि तिथून बुरशी आत शिरते. लिंबूवर्गीय झाडांवर डिंक्या (सालीतून डिंक गळण्याचा रोग) येतो तो अशाच ओलीत. मोठ्या झाडाभोवती निदान दोन फूट जागा मोकळी सोडा. कलमाचा जोड खताखाली किंवा मातीखाली जाता कामा नये.

प्रमाण झाडाच्या वयावर ठरतं. फळझाडाला पहिल्या वर्षी साधारण १० किलो, पुढे दरवर्षी १० किलो वाढवत मोठ्या झाडाला ५० किलोपर्यंत. कोंबडीखतात नत्र कितीतरी जास्त असतं, ते शेणखताच्या मापाने घालू नका.

झाडाखाली पालेभाजी किंवा कंदमुळं असतील तर ताजं शेण तिथे नकोच. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत, खाण्याचा भाग मातीला लागणाऱ्या पिकात कच्चं खत काढणीच्या १२० दिवस आधी मातीत मिसळावं लागतं, इतर खाद्यपिकांत ९० दिवस आधी. विहिरीच्या चढाच्या बाजूला ढीग लावू नका, पावसात त्याचं पाणी सरळ विहिरीत उतरतं. खत हाताळताना हातमोजे घाला, जखम झाकून ठेवा. धनुर्वाताचे जंतू शेणात आणि मातीत असतात.

खत बाहेरून आणत असाल तर आणखी एक काळजी घ्या. क्लोपायरॅलिड, अमिनोपायरॅलिड यांसारखी तणनाशकं चाऱ्यातून जनावराच्या पोटात जातात, शेणात उतरतात आणि कुजल्यावरही बराच काळ टिकतात. म्हणून आधी तीन-चार कुंड्यांत ते खत मातीत मिसळून घेवडा पेरा आणि शेजारी दोन कुंड्या बिनखताच्या ठेवा. खताच्या कुंड्यांतली नवी पानं वाटीसारखी वळली, शेंडे पिळवटले, तर ते खत बागेत घालू नका.