बंदरावर मुशी-पाकटांची नोंद घेताय? या चुका टाळा

फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर एक मुशी, म्हणजे शार्क, उतरली. मादी, लांबी अंदाजे 266 सेंटिमीटर. तपासणीत ती गंगा मुशी निघाली. अरबी समुद्रातून दहाएक वर्षांत तिची नोंदच झालेली नव्हती. लिलावाच्या घाईत वहीत नुसतं 'मोठी मुशी, 1 नग' लिहिलं गेलं असतं, तर ती कायमची हातची गेली असती.

आपल्या किनाऱ्यावर मुशी आणि पाकट (चपट्या अंगाचे रे मासे) यांचा अभ्यास मुख्यतः बंदरावरच होतो. मासा तासाभरात विकला जातो, कापला जातो. मागे उरते ती फक्त तुमची वही, म्हणून तिथली चूक घरी येऊन सुधारता येत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एका शब्दात काम उरकणं. मुंबईत मुशी, मालवणात मोरी. पण या एका नावाखाली कितीतरी जाती असतात. परांची टोकं काळी दिसली की लगेच 'ब्लॅकटिप' लिहून मोकळं होऊ नका. काळ्या टोकांच्या मुशी अनेक आहेत. पाठीवरच्या दोन परांच्या मधून बोट फिरवा. स्पॉटटेल मुशीत तिथे बारीक उभी कड बोटाला लागते, ब्लॅकटिपमध्ये पाठ गुळगुळीत असते. गंगा मुशी आणि बुल शार्क यांची तर वर्षानुवर्षं गल्लत होत आली आहे. गंगा मुशीचा पाठीवरचा दुसरा पर पहिल्याच्या साधारण निम्म्या उंचीचा असतो, बुल शार्कचा त्याहून बराच छोटा. मग शेपटीच्या मुळाशी, वरच्या बाजूला पाहा. तिथली खाच गंगा मुशीत अंगाच्या लांबीच्या दिशेने जाते, बुल शार्कमध्ये आडवी, चंद्रकोरीसारखी असते. हे बघायला अर्धा मिनिट लागतो, पण तेवढा वेळ मासा हातात असतानाच काढायचा.

ओळख पटली नाही तर अंदाज लिहू नका. 'मुशी, जात अनोळखी' लिहा आणि फोटो घ्या: पूर्ण बाजू, तोंडाची खालची बाजू, पाठीवरचे पर. पाकटाचे वरून आणि खालून असे दोन्ही हवेत. प्रत्येक फोटोत मोजपट्टी आणि तारीख-क्रमांकाची चिठ्ठी असू द्या. चिठ्ठी नसेल तर आठवड्याने कुठला फोटो कुठल्या ओळीचा हे कोणीच सांगू शकत नाही.

लांबी मोजताना टेप माशाच्या पाठीवरून वळवत नेऊ नका. तो जमिनीवर सरळ ठेवायचा आणि नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतचं अंतर घ्यायचं. पाकटाची मात्र रुंदी मोजा, एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत. शेपटीवरच्या काट्याच्या भीतीने मच्छीमार ती बोटीवरच छाटतात, त्यामुळे पाकटाची एकूण लांबी निरुपयोगी ठरते. गिटारफिश दिसायला पाकटासारखा असला तरी त्याची मुशीसारखी पूर्ण लांबीच घेतात.

'लहान म्हणजे पिल्लू' हा समजही फार नडतो. आपल्याकडे जाळ्यात भरपूर येणारी स्पेडनोज मुशी जेमतेम 35 सेंटिमीटरची झाली की प्रौढ असते. टोपलीभर अशा मुशी पाहून 'पिल्लांची मासेमारी' असं लिहिलं की निष्कर्ष उलटा जातो. नराच्या पोटाखालच्या परांना लागून दोन दांडे असतात. ते लांब आणि कडक झाले असतील तर नर प्रौढ, मऊ असतील तर अजून वाढीत. खरं पिल्लू ओळखायचं तर छातीच्या परांच्या मधे, खालच्या बाजूला नाळेची खूण शोधा. ती उघडी असेल तर जन्म अगदी अलीकडचा. ती खूण पहिल्यांदा बोटाखाली आली तेव्हा मी बराच वेळ तिथेच उकिडवा बसून होतो. पाकटात नाळ नसते, म्हणून तिथे खूण दिसली नाही याचा काही अर्थ काढू नका.

मुशी आली नाही त्या दिवशी पान कोरं ठेवलं जातं. तिथे स्पष्ट 'शून्य' लिहा, किती बोटी पाहिल्या तेही लिहा. त्याशिवाय घट झाली की तुम्हीच त्या दिवशी गेला नव्हता, हे कळणार कसं? पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात, साधारण 1 जून ते 31 जुलै, यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या काळातल्या कोऱ्या पानांची बेरीज 'शून्यां'त करू नका. आणि बोट जिथे लागली तिथेच मासा पकडला असं धरू नका. ट्रॉलर (जाळं ओढत नेणारी मोठी बोट) कित्येकदा आठवडाभर बाहेर असतो. तांडेलकाकांना, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला विचारा, किती वाव (खोलीचं माप) पाण्यात होता, किती दिवस, कुठलं जाळं.

पण विचारताना पहिलाच प्रश्न संरक्षित जातींचा नको. 2001 पासून काही मुशी-पाकटं वन्यजीव कायद्याखाली आहेत आणि 2022 च्या दुरुस्तीने ती यादी वाढली. वही घेऊन आलेला माणूस सरकारी वाटला की मासे विकणाऱ्या मावशी टोपली झाकतात. आधी ओळख वाढवा, पहिले काही दिवस नुसते बघा. संरक्षित जातीचा तुकडाही परवानगीशिवाय घेऊ नका. बाकीच्यांचा डीएनएसाठी घेतलात तर अल्कोहोलमध्ये ठेवा, फॉर्मेलिनमध्ये नाही.

जुन्या वह्यांचं काय? पाकटांच्या कित्येक शास्त्रीय नावांची 2016 मध्ये फेरमांडणी झाली, त्यामुळे जुनी नावं आता जुळत नाहीत. मूळ नोंद खोडू नका, शेजारच्या रकान्यात नवं नाव लिहा. आणि जिथे नुसतं 'मुशी' आहे, तिथे आज आठवून जात भरू नका. ती ओळ 'मुशी' म्हणूनच राहू द्या.